खारवट जमीन, खुंटलेला ऊस आणि संजीवकांची फवारणी

प्रश्न असा आला आहे: "पंढरपूर तालुक्यात भीमेकाठी आमची पावणेतीन एकर काळी जमीन आहे. वीसेक वर्षं ऊसच घेतोय. गेल्या चार वर्षांपासून खालच्या अंगाला पांढरं मीठ फुटतंय. जानेवारीत सुरू ऊस लावला. उगवण निम्मीच झाली आणि जे कोंब आले त्यांची पानं टोकाकडून करपतायत. माती अहवालात सामू 8.3, ईसी 1.6. बोअरच्या पाण्याची ईसी 2.1. दुकानदार जिब्रेलिक, होमोब्रासिनोलाइड, सॅलिसिलिक ॲसिड आणि सीविड (समुद्री शेवाळाचा अर्क) असं चार फवारण्यांचं किट देतोय. म्हणतो, संजीवकांनी पीक मीठ पचवतं. इंटरनेटवर तसे शोधनिबंधही दिसतात. साहेब, मारू का?"

किट आत्ता घेऊ नका. त्यातलं जिब्रेलिक तर या उसावर अजिबात मारू नका. बाकीच्या तिघांना जागा आहे, पण ती कुठली आणि कधी, हे नीट समजून घेतलंत तर पुढच्या हंगामात पैसे वाचतील आणि ऊसही वाचेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा अहवाल वाचू. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, मिठाचं माप. ती 1.6 हा आकडा बघून बरेच जण म्हणतात, "चारच्या आत आहे, म्हणजे जमीन ठीक." इथं मोठी गफलत होते. चारची मर्यादा आहे ती मातीचा लगदा करून त्यातून काढलेल्या अर्काची. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात, म्हणजे मीठ तेवढं पातळ होतं. भारी काळ्या जमिनीत हा आकडा साधारण तीन ते चार पटीने वाढवून वाचावा लागतो. तुमचे 1.6 म्हणजे मुळाजवळचे साडेपाचच्या आसपास. उसाची सहनशक्ती 1.7 पर्यंत. त्यापुढे दर एक ईसीला सुमारे सहा टक्के उत्पादन घटतं, असं जगभर वापरलं जाणारं कोष्टक सांगतं. हिशोब करा, पाव भाग ऊस लागणीच्या दिवशीच गेलेला आहे. तोही नमुना सगळ्या रानाचा मिसळून घेतला असेल तर. खालच्या अंगाची माती वेगळी दिली असती तर आकडा याहून वर गेला असता.

सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा, 8.5 च्या आत आहे, त्यामुळे वरवर बघता ही क्षारयुक्त जमीन दिसते, चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, नाही. पण विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, किती टक्के आहे ते अहवालात नाही, आणि त्याशिवाय खात्रीने बोलता येत नाही. एक डोळ्यांची खूण सांगतो. मीठ पांढरं, भुसभुशीत, पायाखाली पिठासारखं लागत असेल तर क्षारयुक्त. जमीन काळपट, तेल सांडल्यासारखी दिसत असेल, ओली असताना चिकट आणि वाळल्यावर कुदळ लागणार नाही इतकी टणक होत असेल, तर तिथं सोडियमचं राज्य सुरू झालंय. भीमेकाठच्या एकाच रानात दोन्ही ठिगळं बघितलीत मी. दोघांचा इलाज एक नाही. क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि गोडं पाणी लागतं, चोपणीला त्याआधी जिप्सम.

आता पाण्याचा हिशोब, कारण रोज मीठ तिथूनच येतंय. ईसी 2.1 म्हणजे एका लिटरमध्ये साधारण 1.3 ग्रॅम क्षार. पाटाने आठ सेंटिमीटरचं एक पाणी दिलं की एकराला सव्वातीन लाख लिटर जातं, म्हणजे एका पाळीला 400 किलोच्या वर मीठ. आठ पोती! आणि उसाला वर्षभरात अशा किती पाळ्या लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आपल्या सोलापूरचा पाऊस सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास, ऊन मात्र आठ महिने. पाणी वर उडून जातं, मीठ खाली राहतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. काळ्या जमिनीतून पाणी खाली उतरायला वाट नव्हती, म्हणून जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली आणि खोलवरचं मीठ घेऊन आली. चार फवारण्या या आठ पोत्यांशी कशा लढणार, हा प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचा.

दुकानदार म्हणतो ते निव्वळ खोटं नाही. मीठ लागलं की झाडाच्या आत संप्रेरकांची हालचाल लगेच सुरू होते, आणि बाजारातली संजीवकं ही त्या संप्रेरकांचीच रूपं. मात्र ही संप्रेरकं झाडाचे निरोप आहेत. अन्न नव्हेत आणि औषधही नव्हेत. निरोप कोण, कुणाला आणि कधी देतो यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे निरोप नवे नाहीत, फक्त मिठाच्या संदर्भात त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

मीठ झाडाला दोन वेळा मारतं. पहिला मार ताबडतोब बसतो. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला ते पाणी ओढून घेता येत नाही. रान ओलं असतं आणि ऊस दुपारी माना टाकतो. दुसरा मार आठवड्यांनी दिसतो. सोडियम आणि क्लोराइड हळूहळू वर चढून जुन्या पानांत साठतात आणि पान टोकाकडून करपायला लागतं. तुमच्या उसाला दोन्ही मार बसलेत.

मूळ खारं पाणी चाखतं त्या क्षणी पेशींमध्ये कॅल्शियमची लाट उठते. प्रयोगशाळेत ती मोजलेली आहे, सेकंदाला सुमारे 0.4 मिलिमीटर वेगाने मुळाकडून शेंड्याकडे जाते. हाच कॅल्शियम पेशीतल्या पहारेकऱ्याला जागा करतो आणि तो पहारेकरी आत शिरलेला सोडियम बाहेर ढकलणारे पंप चालू करतो. जिप्सममधून आपण जमिनीला कॅल्शियम देतो तेव्हा मातीच्या कणांवरचा सोडियम सुटतो, हे सगळे सांगतात. तोच कॅल्शियम मुळाच्या पापुद्र्यालाही सोडियम ओळखून अडवायला मदत करतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यानंतर येतं ॲबसिसिक ॲसिड. 1963 च्या सुमारास अमेरिकेत कापसाची बोंडं का गळतात याचा शोध घेताना हे हाती लागलं. मीठ किंवा दुष्काळ जाणवला की ते पानांत आणि मुळांत वाढतं आणि पानावरची बारीक तोंडं, म्हणजे पर्णरंध्रं, बंद करायला लावतं. ते कसं काम करतं याचं कोडं 2009 मध्ये सुटलं. पेशीत एक ब्रेक कायम दाबलेला असतो. ॲबसिसिक ॲसिड आलं की ते एका ग्राहक प्रथिनात बसतं, ते प्रथिन ब्रेकला धरून ठेवतं आणि अडवलेली यंत्रणा मोकळी होते. रंध्रं मिटली की पानातून पाणी कमी उडतं, आणि पाणी कमी ओढलं गेलं की मीठही कमी वर येतं. किंमत एवढीच की हवाही आत येत नाही, साखर कमी तयार होते, वाढ मंदावते.

आता जिब्रेलिनकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथं आहे. नान्नजच्या द्राक्षवाल्याला जीए, म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, शिकवावं लागत नाही. घड लांबवायला, मणी फुगवायला ते किती पीपीएमचं आणि कोणत्या दिवशी, हे त्याला तोंडपाठ असतं. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीने वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची, त्या रोगाच्या अभ्यासातून 1926 मध्ये या पदार्थाचा सुगावा लागला. काम एकच, वाढवणं. झाडात त्याच्या विरुद्ध बाजूला डेला नावाची प्रथिनं असतात, ती वाढ आवरून धरतात. मीठ लागलं की झाड स्वतःहून जिब्रेलिन कमी करतं, डेला साठवतं आणि थांबतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपातली ही डेला प्रथिनं काढून टाकली, तर ती रोपं खाऱ्या माध्यमात जास्त मेली. म्हणजे आपल्याला जे खुंटणं दिसतं, तो झाडाचा निर्णय असतो. शिधा कमी आहे, पाहुणे वाढवू नका, असा.

मी हे वाचण्याआधी रानात शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, हे मला आजही लागतं. सीना नदीच्या काठावर एका शेतकऱ्याचा गहू खाऱ्या पाण्यावर वीतभर राहून थांबला होता. मी त्यांना जीएची फवारणी सांगितली. आठ-दहा दिवसांत गहू असा उठला की आजूबाजूचे लोक बघायला आले. तिसऱ्या आठवड्यात पानं टोकापासून वाळायला लागली आणि ओंबीत दाणा बारीक राहिला. बांधाकडेचा एक पट्टा फवारणीतून सुटला होता. तो बुटकाच राहिला, पण त्याचा दाणा भरला. उंच वाढलेल्या गव्हाने पानं जास्त काढली, जास्त पानांनी जास्त पाणी ओढलं, आणि त्या पाण्याबरोबर मीठ ओढलं. झाड थांबलं होतं ते बरोबर होतं, मी त्याला ढकललं. त्या दिवसापासून खाऱ्या जमिनीतल्या उभ्या पिकावर मी जीए सांगत नाही.

मग शोधनिबंध वेगळं का म्हणतात? तुम्ही वाचलेत ते खोटे नाहीत. गहू, मका, टोमॅटो, मूग, बऱ्याच पिकांत मीठ दिलेल्या रोपांवर जीए, सॅलिसिलिक किंवा ब्रासिनोस्टेरॉइड (किटमधलं होमोब्रासिनोलाइड याच कुळातलं) फवारल्यावर रोपं सुधारल्याचे निष्कर्ष आहेत. पण प्रयोग कसा केला तो भाग आधी वाचत जा. बहुतेक वेळा कुंडी असते, तिला खाली भोक असतं, मीठ मोजून दिलेलं असतं, पाणी गोडं असतं आणि रोप महिना-दीड महिन्यात उपटून वजन करतात. तुमच्या रानाला खाली भोक नाही, मीठ दर पाळीला वाढतंय आणि ऊस बारा महिने उभा राहणार आहे. कुंडीतलं उत्तर कुंडीपुरतं खरं असतं.

इथिलीनची गोष्ट डाळिंबवाल्यांना लगेच कळेल. सांगोल्याकडे बहार धरताना ताण देऊन इथेफॉन मारतात आणि चार-सहा दिवसांत पानगळ होते. इथेफॉनमधून निघणारा वायू तोच इथिलीन. खाऱ्या पाण्यावरच्या झाडात हाच वायू आतून तयार होतो, त्याचा कच्चा माल एसीसी नावाचा पदार्थ मुळात साठतो. थोडा इथिलीन झाडाला सावध करतो आणि तो हवाच असतो. जास्त झाला की मुळं खुंटतात आणि पानं वेळेआधी म्हातारी होतात. फवारणीने यावर नेमकं नियंत्रण ठेवणं अवघड आहे. पण मातीतले काही जिवाणू हे काम फार सुंदर करतात. त्यांच्याकडे एसीसी फोडणारं विकर, म्हणजे एंझाइम, असतं. मुळातून बाहेर झिरपलेला एसीसी ते खातात, त्यातला नत्र स्वतःला वापरतात आणि मुळातला इथिलीन आपोआप उतरतो. कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी 1998 मध्ये ही मांडणी केली आणि त्यानंतर कित्येक पिकांत ती पडताळून पाहिली गेली. स्यूडोमोनास, बॅसिलस, ॲझोस्पिरिलम यांच्या काही जातींत हा गुण आहे, सगळ्या बाटल्यांत नाही. मला स्वतःला संजीवकांच्या सगळ्या पसाऱ्यात हा मार्ग सर्वांत पटतो, कारण जिवाणू मुळाशीच राहतो आणि गरजेप्रमाणे काम करतो. फक्त त्याला खायला सेंद्रिय कर्ब लागतो. ज्या रानात पाचट दरवर्षी पेटवतात, तिथं त्याने जगायचं कशावर?

मुळांचं आणखी एक सांगायला हवं. डाळिंबाची गुटी बांधताना जी मुळ्या फोडायची पावडर लावतात ते ऑक्सिन. मुळाच्या टोकाला एका बाजूने मीठ लागलं की झाड ऑक्सिनची वाटणी बदलतं आणि मूळ मिठापासून वळून दुसरीकडे जातं. 2013 मध्ये हे नीट दाखवून दिलं गेलं. म्हणून रानात मिठाची वाटणी सारखी नसणं हे झाडाच्या फायद्याचं आहे. ठिबकच्या तोटीखाली मीठ कमी आणि ओलाव्याच्या कडेला जास्त असतं, मुळं मधे गोळा होतात. इथं एक धोका लक्षात ठेवा. वळवाचा हलका शिंतोडा आला की कडेचं मीठ विरघळून सरळ मुळांवर येतं. अशा वेळी पाऊस पडतोय म्हणून ठिबक बंद करतात, तेव्हा उलट तासभर चालू ठेवावी. सरी-वरंब्यावरही तेच. मीठ वरंब्याच्या माथ्यावर चढून बसतं, म्हणून बी किंवा रोप माथ्यावर न लावता बगलेला लावावं.

टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण, तर आपल्या ज्वारीवाल्यांचा जुना वैरी. ज्वारीच्या मुळातून जे संप्रेरक झिरपतं, त्याचा सुगावा लागून टारफुल्याचं बी उगवतं. त्या संप्रेरकाचं नावही टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं, स्ट्रायगोलॅक्टोन. झाड ते टारफुल्यासाठी नक्कीच सोडत नाही. 2005 मध्ये कळलं की ही हाक मायकोरायझा बुरशीसाठी असते. ही बुरशी मुळाला जोडून घेते आणि स्फुरद व पाणी लांबून आणून देते, खाऱ्या जमिनीतही. म्हणून मायकोरायझा रोपाच्या मुळाशी द्यावा. पानावर फवारलेला मायकोरायझा वाया जातो, तरी तो तसा विकला जातो हे बघितलंय.

सायटोकायनिन हे आणखी एक संप्रेरक मुळाच्या टोकाशी तयार होतं आणि पानाला तरुण ठेवतं. मिठात मुळं दुबळी झाली की ते घटतं आणि पान लवकर पिवळं पडतं. सीविडमध्ये सायटोकायनिनसारखे पदार्थ थोडे असतात. चांगल्या अर्काने रोपावस्थेत फायदा दिसतो, पण तो खाऱ्या पाण्याच्या आठ पोत्यांपुढे उभा राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

ब्रासिनोस्टेरॉइडबद्दल मला आदर आहे. 1979 मध्ये अमेरिकेत मधमाश्यांनी गोळा केलेल्या 227 किलो परागकणांतून त्याचे फक्त चार मिलिग्रॅम स्फटिक मिळाले, इतकं ते सूक्ष्म प्रमाणात काम करतं. मिठात पेशीचा पापुद्रा सांभाळायला आणि पेशीतली ऑक्सिडीकरणाची झीज आवरायला ते मदत करतं असे बरेच पुरावे आहेत. सॅलिसिलिक ॲसिडही कमी मात्रेत तसंच वागतं. दोघांची खरी जागा माझ्या अनुभवात बियाण्याजवळ आणि रोपवाटिकेत आहे. बहुतेक पिकं मिठाला सर्वांत हळवी असतात ती उगवणीत आणि पहिल्या महिन्यात. तिथं दिलेली छोटी मदत पुढे टिकते. रब्बीत गहू किंवा ज्वारी पेरायची असेल तर लिटरभर गोड्या पाण्यात 70 मिलिग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड विरघळवा. आधी चमचाभर स्पिरिटमध्ये विरघळवलं तर गुठळी राहत नाही. बी सात-आठ तास भिजवून सावलीत पूर्ण वाळवा आणि मग पेरा. एवढ्या मात्रेचा खर्च नगण्य आहे. नुसत्या गोड्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्यानेही बराच फायदा मिळतो. म्हणून थोडं बी तसंही पेरून दोन्हींत फरक आहे का ते स्वतः बघा. जीएलाही बियाणं भिजवण्यात जागा आहे, कारण उगवण सुरू करणारा निरोप त्याचाच. उभ्या पिकावर मात्र नको, हे वर सांगितलंच.

आता तुमच्या रानात काय करायचं ते.

या उसात तुटाळी, म्हणजे न उगवलेल्या जागा, निम्म्यावर गेल्या आहेत. खालच्या अंगाचा तुकडा मी मोडायला सांगेन. मन होणार नाही, कळतं मला, पण तिथं एप्रिल-मेचं बोअरचं पाणी देऊन तुम्ही ऊस वाढवणार नाही, फक्त मीठ साठवाल. तो तुकडा रिकामा करा आणि उन्हाळ्यातच निचऱ्याचं काम उरका. उतार बघून निदान खालच्या बांधाला खोल चर काढून तो ओढ्याला मिळवा. पैसे आणि शेजाऱ्यांची तयारी असेल तर सव्वा मीटरच्या आसपास खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा करणं सर्वांत उत्तम. दोन पाइपांमधलं अंतर जमिनीचा पोत तपासूनच ठरतं, त्यात कुणाच्या अंदाजावर जाऊ नका. वरच्या शेताचं पाणी तुमच्या रानात आणि तुमचं खालच्याच्या रानात उतरतं. त्यामुळे हे काम चार-पाच बांधांनी मिळून केलं तरच टिकतं. एकट्याने चर काढून पाणी शेजाऱ्याच्या तोंडाशी सोडल्याने भांडणं कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत.

विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर निघालं, तर अहवालात जिप्समची गरज लिहून मागा. जूनच्या आधी वरच्या थरात मिसळा आणि पावसाचं पाणी बांधात अडवून खाली जिरू द्या. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम फुकट जातं, सुटलेला सोडियम जाणार कुठं? आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, त्यामुळे गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीतला कॅल्शियम मोकळा होतो. त्याला वेळ मात्र जास्त लागतो. मृगाच्या पावसावर धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडा.

तिथं रब्बीत ज्वारी किंवा गहू घ्या. त्याच कोष्टकात ज्वारीची मर्यादा 6.8, गव्हाची 6 आणि कापसाची 7.7 आहे, उसाची 1.7. मंगळवेढ्याच्या शेजारी राहून आपण ज्वारीला कमी लेखतो याचं मला वाईट वाटतं. कांद्याच्या नादाला मात्र त्या तुकड्यात लागू नका. त्याची मर्यादा 1.2 आहे आणि पुढची घसरण उसाच्या जवळजवळ तिप्पट.

पुन्हा ऊस लावाल तेव्हा पाडेगाव संशोधन केंद्राचा फुले 265 बघा, क्षारपड जमिनीला तो बाकी वाणांपेक्षा तग धरतो. टिपरी थेट रानात न दाबता एक डोळा रोपं तयार करा. रोपवाटिका चांगल्या मातीत आणि गोड्या पाण्यावर, म्हणजे सर्वांत हळवा महिना झाड मिठाबाहेर काढेल. इथं, ट्रेमध्ये, तुम्हाला संजीवकं वापरायची हौस भागवता येईल. कोकोपीटमध्ये जिवाणू खत आणि मायकोरायझा द्या. लावणीच्या चार-पाच दिवस आधी होमोब्रासिनोलाइडची एक फवारणी लेबलवरच्या मात्रेने करा. त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नका, नाहीतर आधी दिलेले जिवाणू मरतील.

वरच्या बाजूचा जो ऊस ठेवणार आहात, त्याला पाणी थोडं पण लवकर-लवकर द्या. कालव्याचं आवर्तन मिळेल तेव्हा ते बोअरच्या पाण्यात मिसळून न देता सलग द्या, म्हणजे मीठ खाली ढकललं जाईल. पालाशसाठी म्युरेट टाळा, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडेल, पण इथं तो खर्च योग्य आहे. सरीत पाचट पसरून ठेवा, बाष्पीभवन घटतं आणि मीठ वर कमी येतं. एवढं केल्यावर सॅलिसिलिकची एक फवारणी, 70 मिलिग्रॅम लिटरला, संध्याकाळी करून बघायची असेल तर माझी हरकत नाही. मात्रा दुप्पट-तिप्पट केली तर पानं भाजण्याचा धोका आहे.

किट घेण्याआधी बाटली उलटी करून वाचा. जिब्रेलिकसारखी संजीवकं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली असावी लागतात. सीविडसारखी जैव उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. घटक, प्रमाण, पीक आणि मात्रा लिहिलेली नसेल तर ती बाटली घरात आणू नका. उसात नुकसान पैशाचं होईल. पण तीच बाटली उद्या तुमच्या भावाच्या द्राक्षावर गेली आणि आत न सांगता घातलेलं कीटकनाशक निघालं, तर निर्यातीचा अख्खा माल अडकतो.

जी काही फवारणी कराल तिच्यात चार सरींचा एक पट्टा न फवारता सोडा आणि बांधावर खुंटी ठोकून खूण करा. आणि दोन अहवाल मला पाठवा. वरच्या आणि खालच्या अंगाची माती वेगवेगळी, एक फुटापर्यंत आणि एक ते दोन फूट अशा दोन थरांत, विनिमययोग्य सोडियमसह. दुसरा बोअरच्या पाण्याचा. त्यात नुसती ईसी नको, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट आणि बायकार्बोनेटही हवेत, कारण बायकार्बोनेट जास्त निघालं तर जिप्समचा हिशोब पाण्यासाठीही वेगळा करावा लागेल. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. पंप अर्धा तास चालू ठेवून मगच भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.